आउट्स्मायटर बिघडतो कुठे? या चुका टाळा

नेदरलँड्समध्ये दुपारचं जेवण म्हणजे बहुतेकदा ब्रेड, त्यावर चीजचा काप आणि सोबत ग्लासभर दूध नाहीतर ताक. वरण-भातावर वाढलेल्या माणसाला याला जेवण म्हणायचं हे पटायलाच वेळ लागतो. गरम काहीतरी हवं असेल तर कॅफेत आउट्स्मायटर मागवायचा: ब्रेडच्या दोन-तीन स्लाइस, त्यावर हॅम आणि चीज, आणि सगळ्यात वर न उलटलेली दोन-तीन अंडी. नावाचा अर्थ ‘बाहेर फेकणारा’. बारच्या दारावरच्या बाउन्सरलाही डच लोक हेच म्हणतात. रात्री रेंगाळलेल्या पाहुण्यांना घरी पिटाळण्याआधी झटपट करून घालायचा पदार्थ, म्हणून हे नाव, अशी गोष्ट सांगतात.

‘हाफ फ्राय आणि ब्रेडच की!’ असं म्हणून आपण तो करायला जातो आणि तिथेच फसतो. कारण यात सॉस नाही, चटणी नाही. फुटून ब्रेडवर ओघळणारा पिवळा बलक हाच इथला रस्सा. तो घट्ट झाला की राहिला नुसता कोरडा ब्रेड.

सगळ्यात मोठी चूक आचेची. तेल कडकडीत तापवून अंडं फोडलं की कडा कुरकुरीत, तपकिरी होतात. मलाही त्या आवडतात, पण इथे त्या नकोत. बलक साधारण ६५ अंशांपासून घट्ट होऊ लागतो, तर पांढऱ्यातला बराचसा भाग पुरता घट्ट व्हायला ८० अंशांच्या आसपास जावं लागतं. म्हणजे पांढऱ्याला उष्णता जास्त हवी आणि बलकाला कमी. मोठ्या आचेवर खालची बाजू चामड्यासारखी होते आणि वर बलकाभोवती चिकट पाणी तसंच राहतं. म्हणून मंद-मध्यम आच आणि लोणी. लोण्याचा फेस बसला, पण रंग अजून बदलला नाही, त्या क्षणी अंडी सोडायची. वरचा पांढरा हटून बसला तर मिनिटभर झाकण ठेवा. मात्र वाफेने बलकावर पांढुरकी साय धरते. या अंड्याला डच भाषेत ‘आरशाचं अंडं’ म्हणतात, तेव्हा चकाकी हवीच असेल तर झाकणाऐवजी पॅन तिरका करून गरम लोणी चमच्याने फक्त पांढऱ्यावर सोडत राहा.

अंडं पॅनभर पसरत असेल तर दोष तुमचा नाही, अंडं जुनं आहे. पाण्यात आडवं पडणारं ताजं, उभं राहणारं जुनं. आधी वाटीत फोडून मग पॅनमध्ये सोडलं तर बलक सहसा फुटत नाही. अंडी एकमेकांना चिकटली तर चिकटू द्या, उलथन्याच्या कडेने कापता येतात.

दुसरी गडबड चीजची. भारी म्हणून जुनं खाउडा चीज (आपण ज्याला गौडा म्हणतो ते) आणू नका. १०-१२ महिने मुरलेलं चीज कोरडं असतं. नीट वितळत नाही, तेल सोडतं. चार आठवड्यांचं कोवळं किंवा आठ-दहा आठवड्यांचं चीज इथे बरं. आपल्याकडचं प्रोसेस्ड चीज वितळतं छान, पण खारटपणा वाढवतं. फ्रिजमधलं गार चीज ब्रेडवर ठेवून वर अंडं टाकलं तर चीजला नुसता घाम फुटतो. हॅमचे काप पॅनमध्ये अर्धा मिनिट परतून, त्यावरच चीज ठेवून मऊ होऊ द्या आणि मग ते ब्रेडवर सरकवा. परतल्याने हॅमचं पाणीही आटतं. पाकिटातलं हॅम ओलं असतं, आणि ब्रेडचा लगदा होण्यामागे बऱ्याचदा तेच असतं, बलक नव्हे.

ब्रेडला काठापर्यंत लोणी लावा. ओल आत शिरत नाही. आपला लुसलुशीत ब्रेड असेल तर एका बाजूने हलका भाजा. खडखडीत टोस्ट नको: सुरी करवतीसारखी चालवावी लागते आणि बलक भलतीकडे उडतो. हो, हा काट्या-सुरीने खायचा पदार्थ आहे. वर दुसरी स्लाइस ठेवून सँडविच करणं ही चूक मी स्वतः केली आहे, शर्टासकट.

मीठ घालू नका, हॅम-चीज पुरेसं खारट असतं. मिरपूड चालेल. बाजूला व्हिनेगरमधली छोटी काकडी हवीच, तिच्या आंबटपणाने लोणी-चीजचा जडपणा उतरतो. हॅम खात नसाल तर टोमॅटो-चीजचा करा, पण टोमॅटोच्या बिया आणि पाणी काढून टाका.

आणि क्रम: ब्रेड, हॅम, चीज, काकडी सगळं ताटात तयार, अंडी शेवटी. ती ताटात उतरल्यावरही आतून शिजत राहतात, त्यामुळे अंडं फोडण्याआधी खाणारा टेबलावर बसलेला हवा. ‘आलोच’ म्हणणाऱ्यासाठी ऑमलेट करा.