पीएनए, मॉर्फोलिनो जिवंत पेशीच्या न्यूक्लियसपर्यंत कसं न्यायचं

पीएनए आणि मॉर्फोलिनो म्हणजे डीएनएसारखेच, पण प्रयोगशाळेत बनवलेले छोटे तुकडे, जे जुळणाऱ्या डीएनए-आरएनएला चिकटतात. आधी एक गैरसमज काढून टाका. सगळे न्यूक्लियसच्या नावाने घाबरतात, पण खरी अडचण तिथे नाहीच. १८ बेसचा पीएनए साधारण ५ किलोडाल्टनचा (हे रेणूच्या वजनाचं माप) असतो, न्यूक्लिअर पोअरमधून, म्हणजे न्यूक्लियसच्या पडद्यातल्या भोकांमधून, ४० किलोडाल्टनपर्यंतचं बरंचसं आपोआप आत जातं, म्हणजे माल एकदा सायटोप्लाझममध्ये मोकळा झाला की पुढचं तो स्वतःच बघून घेतो. अडतो तो एंडोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या आतल्या छोट्या पिशवीत. पेशी त्याला गिळते, पण पिशवीत बांधून ठेवते आणि बाहेर सोडतच नाही.

दुसरी गंमत म्हणजे पीएनए आणि मॉर्फोलिनो दोन्हींवर चार्ज नसतो. त्यामुळे डीएनएसारखं पॉझिटिव्ह चार्जच्या लिपिडमध्ये (चरबीच्या रेणूंमध्ये) मिसळून टाकलं तर ते लिपिडला चिकटतच नाही, सगळं मीडियातच (पेशी ज्यात वाढवतो त्या द्रावणात) तरंगत बसतं. यावर जुनी युक्ती अशी की थोडा जुळणारा एक डीएनए तुकडा पीएनएला चिकटवायचा, मग त्या डीएनएच्या निगेटिव्ह चार्जवर लिपिड बसतं आणि पीएनए फुकटात आत जातो.

दुसरा रस्ता पेप्टाइडचा, म्हणजे पेशीत शिरणारे छोटे प्रथिनाचे तुकडे, टॅट, पेनेट्रॅटिन किंवा आठ आर्जिनिनची साखळी थेट पीएनएला जोडायची. हे १ ते ५ मायक्रोमोलरपासून करून बघा. नुसत्या टॅटने बहुतेक वेळा निराशाच पदरी पडते, सोबत १०० मायक्रोमोलर क्लोरोक्वीन चार-पाच तास दिलं की एंडोसोम फुटतात आणि एकदम फरक दिसतो, पण पेशींनाही ते झेपत नाही म्हणून नुसत्या क्लोरोक्वीनची वेगळी प्लेट लावाच. एनएलएस पेप्टाइड (मालाला न्यूक्लियसकडे नेणारा तुकडा) जोडायची घाई नको, मालच पिशवीत अडकलाय तर त्याला पत्ता देऊन काय उपयोग!

इलेक्ट्रोपोरेशन, म्हणजे विजेच्या झटक्याने पेशीच्या पडद्याला भोकं पाडणं, मला सगळ्यात सरळ वाटतं, एंडोसोमची भानगडच नाही. फक्त चार्ज नसल्याने करंट त्याला ओढत नाही, तो भोकांमधून नुसता पसरत आत जातो, म्हणून पल्स दिल्यावर लगेच मीडिया ओतून पातळ करू नका, थोडा वेळ तसंच राहू द्या.

वापरायच्या आधी पीएनए ५५ डिग्रीला १० मिनिटं गरम करा, नाहीतर गुठळ्या होतात, त्यात जी (G, ग्वानिन) हे बेस जास्त असतील तर हमखास.

आता सर्वात महत्त्वाचं. मी सुरुवातीला चमकणारा रंग जोडलेला पीएनए दिलेल्या पेशी फॉर्मॅल्डिहाइडने फिक्स करून (मारून जागच्या जागी घट्ट करून) बघितल्या तर न्यूक्लियस नुसते चमकत होते, दोन दिवस हवेत होतो, मग त्याच पेशी जिवंत असताना बघितल्या तर सगळे बारीक ठिपके न्यूक्लियसच्या बाहेर, म्हणजे एंडोसोमच. फिक्स करताना पडदे फाटतात आणि पिशवीतला माल न्यूक्लियसमध्ये पसरतो. त्यामुळे जिवंत पेशीच बघा, आधी ट्रिप्सिन किंवा हेपरिनने बाहेर चिकटलेलं धुऊन काढा.

आणि ठिपक्यांवर विश्वास ठेवण्यापेक्षा हेला पीलुक ७०५ पेशी वापरा. त्यात लुसिफरेजच्या (उजेड पाडणाऱ्या प्रथिनाच्या) जनुकाच्या मधोमध बिघडलेला बीटा-ग्लोबिन इन्ट्रॉन (आरएनएतून कापून टाकायचा भाग) आहे, ७०५ ची चुकीची स्प्लाइस साइट (कापायची जागा) पीएनएने झाकली गेली तरच लुसिफरेज बनतं, आणि स्प्लायसिंग, म्हणजे ही कापाकापी, होते न्यूक्लियसमध्येच. सोबत दोन-तीन बेस बदललेला मिसमॅच पीएनए ठेवा, त्यानेही उजेड पडला तर गडबड दुसरीकडेच आहे.