लहरींचा साबण पहिल्यांदा करताना

बेळगावात वडगावला आमच्या घरी मागाची एक खोली आहे. माग उतरवून बरीच वर्षं झाली. उंच कौलं, समोरासमोर खिडक्या, वारा भरपूर. म्हणून आता तिथे मी साबण करते आणि तिथेच वाळवते. शिकायला येणाऱ्या बायका आल्या आल्या विचारतात, "रंग कुठले आणू?" मी सांगते, रंगाचं राहू द्या, आधी मिश्रण पातळ ठेवायला शिका. दोन रंगांची लहर पातळ मिश्रणातच उमटते. घट्ट झालेल्या मिश्रणात रंगांचे नुसते गोळे पडतात.

पहिल्या खेपेला एवढंच माप घ्या: खोबरेल १५० ग्रॅम, ऑलिव्ह तेल २००, राइस ब्रॅन तेल १००, एरंडेल ५०. कॉस्टिक सोडा ७० ग्रॅम, पाणी १६० ग्रॅम. सगळं वजनावर, पाणीसुद्धा. वाटी-चमच्याचं माप इथे चालत नाही, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा हवाच. खोबरेल खायचं घ्या, केसांना लावायचं वासाचं नको. ऑलिव्हच्या डब्यावर दुसऱ्या तेलाची भेसळ लिहिलेली नाही ना, ते वाचून घ्या.

सत्तरच ग्रॅम का, तेही सांगते, कारण इथेच लोक चुकतात. तेलाचा साबण होतो तो कॉस्टिकने, आणि प्रत्येक तेलाला लागणारा कॉस्टिक वेगळा असतो. १०० ग्रॅम खोबरेलाला साधारण १८.३ ग्रॅम, ऑलिव्हला १३.५, राइस ब्रॅनला १३.३, एरंडेलाला १२.८. वरच्या मापाला सगळा मिळून ७४ ग्रॅम होतो. त्यातला पाचेक टक्के कमी घालायचा, म्हणजे थोडं तेल साबणात शिल्लक राहतं आणि कातडी ओढल्यासारखी होत नाही. घरात ऑलिव्ह नाही म्हणून तेवढंच खोबरेल वाढवलं, तर हा हिशोब मोडतो. तेल बदललं की आकडेमोड पुन्हा करा.

कॉस्टिक शुद्ध, पापुद्र्यांचा घ्या. नळ आणि मोऱ्या साफ करायच्या पुडीत बाकीचंही काही मिसळलेलं असतं, ती नको. आमच्याकडे जूनला पाऊस धरला की उघड्या डब्यातला कॉस्टिक हवेतलं पाणी ओढतो, त्याला पाणी सुटतं, आणि काट्यावर सत्तर दाखवलं तरी ते सत्तर नसतं. म्हणून मी दिवाळीनंतर घेते, घट्ट झाकणाच्या जाड प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवते आणि डब्यावर मोठ्या अक्षरात नाव लिहिते. स्वयंपाकघरात तर ठेवतच नाही.

आता भांडी. जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं पातेलं अजिबात नको. कॉस्टिक ते खातो आणि त्यातून हायड्रोजन वायू सुटतो. स्टीलचं घ्या. काचेचा जगही नको, कॉस्टिकने काच हळूहळू कमजोर होते आणि एखाद्या दिवशी तडकते. डोळ्यांना बंद चष्मा, हातात रबरी मोजे, पूर्ण बाह्यांचा कपडा, पायात चप्पल. पोरं खोलीबाहेर, खिडक्या उघड्या.

पाणी आधी पातेल्यात, मग त्यात कॉस्टिक थोडा थोडा. उलटं कधीच करू नका, कॉस्टिकवर पाणी ओतलं तर उसळून अंगावर येतं. ढवळताना तोंड बाजूला ठेवा, वाफ नाकात जाऊ देऊ नका. पाणी चुलीशिवाय ऐंशी-नव्वद अंशांवर जातं, पातेलं हाताला चटका देतं. थेंब अंगावर उडाला तर कपडा बाजूला करून वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं धरा. डोळ्यात गेला तर पाण्याने धूत राहा आणि लगेच डॉक्टर गाठा. भाजल्यावर व्हिनेगर लावा असं सांगणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका, पाणीच लावायचं.

हे पाणी निवायला तास-दीड तास लागतो. तेवढ्यात तेलं एकत्र करा. डिसेंबरात आमच्याकडे पहाटे खोबरेल बरणीत दगड झालेलं असतं, बरणी कोमट पाण्यात बसवून पातळ करून घ्या. तेल आणि कॉस्टिकचं पाणी दोन्ही चाळीस अंशांच्या आसपास आलं, पातेलं बाहेरून कोमट लागलं, की सुरुवात करायची.

रंग त्याआधीच तयार ठेवा. एका वाटीत पाव चमचा कोळशाची बारीक पूड, दुसरीत अर्धा चमचा मंजिष्ठा, दोन्ही चमचाभर तेलात गुठळ्या मोडून कालवलेल्या. हे तेल मापातलंच काढून घ्या. मंजिष्ठा काष्ठौषधींच्या दुकानात मिळते, साबणात तिचा गुलाबी रंग येतो. कोळसा हात राखून घाला, जास्त झाला तर फेस करडा येतो. हळदीचा मोह सगळ्यांना होतो. हळदीला चुना लागला की कुंकू होतं हे आपल्याला ठाऊक आहे. कॉस्टिकमध्ये तसंच होतं, आधी लाल, मग भगवट, आणि उजेडात ठेवली तर महिन्या-दोन महिन्यांत विटते. बीट तपकिरी पडतं. देवाचं कुंकू किंवा कपड्यांची नीळ अंगाच्या साबणात घालू नका.

कॉस्टिकचं पाणी तेलात ओता. हॅन्ड ब्लेंडर आधी बंद ठेवूनच फिरवा, मग तीन-चार सेकंद चालू, पुन्हा बंद करून फिरवा. असं पाच-सहा वेळा. वर तेलाचे तवंग दिसेनासे झाले आणि मिश्रण सगळीकडे एकसारखं दुधट दिसू लागलं की ब्लेंडर बाजूला ठेवून द्या. डोश्याच्या पातळ पिठाइतकं, पळीतून सरसर पडणारं हवं. वर ओतलेली धार क्षणभर दिसून विरून गेली पाहिजे.

माझी पहिली खेप इथेच गेली. मी ब्लेंडर दोन-तीन मिनिटं सलग चालवला आणि वासासाठी लवंगाचं तेल घातलं. लवंग आणि दालचिनीचं तेल मिश्रण झटकन आवळतं, हे मला माहीत नव्हतं. बघता बघता पातेल्यात पिठल्याचा गोळा झाला. तो चमच्याने दाबून साच्यात भरला, साबण चांगला झाला, फक्त लहर नव्हती. म्हणून सांगते, पहिल्या खेपेला वासाचं काहीच घालू नका.

मिश्रणाचे तीन भाग करा: निम्म्याहून थोडं जास्त तसंच पांढरं, उरलेलं दोन वाट्यांत सारखं. वाट्यांतले रंग चमच्याने हलवा, ब्लेंडर नको. मग दोन्ही रंग पांढऱ्या मिश्रणात चार-पाच ठिकाणी ओता. थोडं उंचावरून ओतलं तर धार तळापर्यंत जाते, जवळून ओतलं तर वर तरंगते; दोन्ही थोडं थोडं करा. कालथा तळाला लावून एक फेरी मारा. एकच. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत गुलाबी आणि काळा मिळून राखाडी होतो. पातेल्यात अर्धवट दिसतंय म्हणून हात शिवशिवतो, पण साच्यात ओतताना रंग आणखी फिरतो.

साचा म्हणून दुधाचा एक लिटरचा रिकामा कागदी खोका उत्तम. एका कडेने, न थांबता ओता. वर उदबत्तीच्या धुतलेल्या काडीने दोन-तीन नागमोडी रेघा ओढल्या की पुरे. पातळ प्लॅस्टिकने वरचं तोंड झाका, नाहीतर पांढरी पूड धरते. त्यावर वाकळ गुंडाळा. आतली ऊब टिकली की रंग खुलतो.

चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांनी मोजे घालूनच खोका फाडा. खव्याच्या वडीसारखा घट्ट लागला तर सुरीने आडव्या वड्या पाडा, सात होतात. बोट बुडत असेल तर आणखी एक दिवस थांबा. पहिली वडी पडते आणि आतली लहर दिसते, तेव्हा शेजारच्या अक्का अजूनही कुंपणावरून "नोडू, नोडू" (कन्नडात 'बघ, बघ') करत येतात.

लगेच वापरायचा नाही. वड्यांमध्ये बोटभर अंतर ठेवून लाकडी फळीवर उभ्या करा, आठवड्याने बाजू बदला. उन्हात नको, बंद डब्यात नको. जानेवारी ते मेपर्यंत चार ते सहा आठवडे पुरतात. पावसाळ्यात, विशेषतः खानापूरकडे भिंतीच ओल धरतात, तिथे दोन महिने धरा. मी कडेची एक वडी दर रविवारी काट्यावर ठेवून वजन वहीत लिहिते. दोन रविवार आकडा हलला नाही की साबण तयार समजते, आणि तीच वडी आधी स्वतः वापरून बघते.