एक विहीर, तीन विषय: पाणी, ओव्या आणि वर्ग यांचा जोडअभ्यास कसा करावा

पर्यावरणशास्त्राचा विद्यार्थी विहिरीचं पाणी मोजतो, मराठीचा विद्यार्थी त्याच गावात ओव्या गोळा करतो आणि बी.एड.चा विद्यार्थी तिथल्याच शाळेत कृतिसंशोधन (वर्गातल्या अडचणीवर शिक्षकानंच केलेला अभ्यास) करतो. तिघांनी हातमिळवणी केली तर एका वर्षात चांगलं काम उभं राहतं. पण आधी प्रश्न आवळून घ्या. 'ग्रामीण भागातील पाणीप्रश्न: एक अभ्यास' या विषयाला उत्तर नसतं, फक्त पानं असतात. त्याऐवजी असे प्रश्न घ्या: नोव्हेंबर ते मे या काळात गावातल्या दहा विहिरींची पातळी किती खाली जाते? साठीपुढच्या बायकांच्या ओव्यांत पाण्याच्या जागा कोणकोणत्या नावांनी येतात? विहीर स्वतः मोजलेल्या मुलांना पातळीचा आलेख जास्त बरोबर वाचता येतो का?

विहीर मोजणे

आठ ते दहा विहिरी निवडा. त्यांत निदान दोन अशा हव्यात की ज्यांवर पंप नाही. प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर ऑइलपेंटने एक खूण करा. हा मोजबिंदू. वर्षभर टेप तिथूनच सोडायची. कठड्याची जमिनीपासूनची उंची पहिल्याच दिवशी मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

३० मीटरची स्टीलची टेप घ्या. टोकाला छोटं वजन बांधा आणि शेवटच्या मीटरभर पट्टीला खडू चोळा. टेपेचा ठरावीक पूर्ण आकडा, समजा ८.०० मीटर, मोजबिंदूवर येईपर्यंत ती सोडा आणि वर ओढा. पाण्यात बुडालेल्या भागाचा खडू गडद दिसतो. तो ०.५८ मीटरपर्यंत भिजला असेल तर मोजबिंदूपासून पाणी ७.४२ मीटरवर आहे. कठडा ०.८५ मीटर उंच असेल तर जमिनीपासूनची खोली ६.५७ मीटर. तिन्ही आकडे लिहा, नुसतं शेवटचं उत्तर नको. वजाबाकी चुकली तर मूळ आकड्यांवरून सुधारता येते. लागोपाठ दोनदा मोजा. दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक पडला तर तिसऱ्यांदा. स्टीलची टेप पंपाच्या वायरींपासून लांब ठेवा आणि वीज चालू असताना सोडू नका.

मोजायची वेळ सकाळची, पंप सुरू होण्याआधीची. बेसॉल्टच्या, म्हणजे काळ्या कातळाच्या, विहिरीत पाणी खडकाच्या भेगांतून येतं, त्यामुळे उपसलेली विहीर भरून यायला कधी काही तास लागतात, तर उन्हाळ्यात रात्र पुरत नाही. रात्री तीनला वीज आली आणि पंप चालला, तर सकाळचा आकडा भूजलाचा नसून उपशाचा असतो. म्हणून वहीत 'शेरा' हा रकाना सगळ्यांत रुंद आखा: पंप शेवटी कधी चालला, आदल्या दिवशी पाऊस होता का, शेजारच्या पाटाला पाणी सोडलं होतं का. विचित्र दिसणारे निम्मे आकडे नंतर या रकान्यातूनच उलगडतात. तो रिकामा असेल तर तुम्ही ते आकडे चूक म्हणून खोडता, आणि खोडलेल्यांतले काही बरोबर असतात.

मोजणी दर पंधरा दिवसांनी करा. केंद्रीय भूजल मंडळ आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजतं: जानेवारी, पावसाळ्यापूर्वी, ऑगस्ट आणि नोव्हेंबर. तुमच्या काही तारखा या महिन्यांत आल्या की तुलनेला आधार मिळतो. जवळच्या निरीक्षण विहिरीची माहिती भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात मागा.

मोबाइलवर दिसणारी समुद्रसपाटीपासूनची उंची वापरून 'या विहिरीतलं पाणी त्या विहिरीकडे वाहतं' असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. ती उंची कित्येक मीटरनं चुकते आणि दोन विहिरींच्या पातळीतला खरा फरक कधी मीटरभरही नसतो. लेव्हल (उंचीतला फरक मोजायचं सर्वेक्षणाचं यंत्र) लावून मोजल्याशिवाय हे वाक्य लिहू नका.

विहिरीत कोणीही उतरायचं नाही, कितीही उथळ असो. तळाशी जड वायू साचलेला असू शकतो. मुलं बरोबर असतील तर टेप मोठ्यांच्या हाती आणि मुलांच्या हाती वही.

पावसासाठी सरळ भिंतींचा, सपाट बुडाचा डबा पुरतो. निमुळत्या बाटलीत पट्टी घालून मोजलेला आकडा निरर्थक असतो. डबा झाडापासून आणि छपरापासून दूर ठेवा आणि हवामान विभागाप्रमाणे सकाळी साडेआठला वाचा. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरवर एक लिटर. २.५ मिलिमीटरपासून पुढे झाला तरच तो पावसाचा दिवस धरतात.

पाण्याचा नमुना

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं एकूण प्रमाण. हातात मावणारा टीडीएस मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि तिला ठरावीक गुणकानं गुणून आकडा दाखवतो. खारटपणा कळायला तो बरा. अकोला, अमरावती, बुलडाण्यातल्या पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात, जिथे भूजलच खारं आहे, तर फारच उपयोगी. पण नायट्रेट, फ्लोराइड किंवा जंतू यांबद्दल तो काही सांगत नाही. 'टीडीएस ३००, म्हणजे पाणी पिण्यायोग्य' हे वाक्य अहवालात दिसलं की परीक्षक पुढचं पान उलटण्याआधीच खूण करतो.

रासायनिक तपासणीसाठी लिटरची प्लॅस्टिकची बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळून भरा. जंतूंसाठी प्रयोगशाळेकडूनच निर्जंतुक बाटली घ्या. ती विसळायची नाही. नमुना बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांत पोचवा, चोवीस तासांपलीकडे तर नाहीच.

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२). त्यात टीडीएस ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटर आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत, फ्लोराइड १.० आणि तसंच १.५ पर्यंत. नायट्रेट मात्र ४५, त्याला सवलत नाही. इथे एक खड्डा आहे: काही प्रयोगशाळा 'नायट्रेट' म्हणून आकडा देतात, काही 'नायट्रेटमधला नायट्रोजन' म्हणून. दुसऱ्या प्रकारचा आकडा ४.४३ नं गुणल्याशिवाय ४५ शी ताडू नका. नायट्रोजन १२ वाचून कोणी निर्धास्त झालं, तर प्रत्यक्षात नायट्रेट ५३ आहे.

ओव्या

आधी परवानगी: आवाज घेऊ का, नाव छापू का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ओवी आधी त्या बाईकडून गाऊन घ्या, मग सांगून घ्या. सांगताना आळवणीचे शब्द गळतात, गाताना आलेले 'बाई', 'गं' नाहीसे होतात. दोन्ही रूपं लिहून ठेवा. उच्चार जसा आला तसाच उतरवा. 'हीर' म्हटलं असेल तर वहीत 'विहीर' करू नका, प्रमाण रूप शेजारच्या रकान्यात द्या. आड, बारव, पोहरा, मोट, नाडा, सोंदूर, थारोळं असे शब्द आले की अर्थ कोशातून नंतर बघा, आधी त्या बाईलाच विचारा. नाडा आणि सोंदूर हे मोटेचे दोन वेगळे दोर आहेत. त्यांना सरसकट 'दोरी' लिहिलं की पुरावा गेला.

प्रत्येक ओवीपुढे गाणारीचं अंदाजे वय लिहा आणि ओवी माहेरी शिकली की सासरी, हे न चुकता लिहा. ओव्या लग्नाबरोबर गावं बदलतात. सासरच्या विहिरीवर उभ्या असलेल्या बाईच्या ओवीतली नदी माहेरची असू शकते. चंद्रभागा तर महाराष्ट्रभरच्या ओव्यांत येते, त्यावरून गाव नदीकाठचं ठरत नाही. म्हणून ओवीतली आटलेली विहीर पातळीच्या आलेखाला पुरावा म्हणून जोडू नका. पाण्याला लोक काय म्हणतात आणि पाण्याभोवती कोण उभं असतं, याचा मात्र ती पक्का पुरावा आहे. तुलनेसाठी हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी उभा केलेला लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह बघा.

वर्ग

आठवीच्या दोन तुकड्या घ्या. एक तुकडी विहीर मोजते, दुसरी तोच पाठ पुस्तकातून शिकते आणि तिला मोजणी चाचण्यांनंतर मिळते, नाहीतर तो अन्याय होतो. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आणि पालकांची संमती आधी घ्या. पंधरा प्रश्नांची चाचणी दुसऱ्या शाळेतल्या दहा मुलांवर चालवून पाहा आणि सगळ्यांना जमलेले प्रश्न काढून टाका. पाठाआधीच्या पूर्वचाचणीतले प्रश्न पाठानंतरच्या उत्तरचाचणीत पुन्हा नकोत, तेवढ्याच अवघड जोडीचे असावेत. पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी दोन्ही दिलेल्या मुलांचेच गुण मोजा.

एक प्रश्न हमखास ठेवा: 'पातळी ७ मीटरवरून ९ मीटर झाली. पाणी वाढलं की कमी झालं?' बरीच मुलं 'वाढलं' म्हणतात, कारण आकडा मोठा झाला. टेप हातात धरलेल्या मुलाला ९ म्हणजे जास्त खोल हे कळायला हवं, आणि तसं घडतं का हेच तुम्ही तपासता आहात. प्रबंधातल्या आलेखातही शून्य वर ठेवा आणि खोली खाली जाऊ द्या, म्हणजे मार्गदर्शकही फसणार नाहीत.

लिहिताना

शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, शोधताना विषय देवनागरीत आणि रोमन लिपीत, दोन्ही तऱ्हांनी टाका. जुने मराठी प्रबंध स्कॅन केलेले किंवा युनिकोडपूर्व फॉन्टमधले असतात, त्यांच्या आत शोध चालत नाही. अनुक्रमणिका डोळ्यांनीच वाचावी लागते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) उचलेगिरीविषयीच्या २०१८ च्या नियमांनुसार इतरांच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावं लागतं. इंग्रजी लेखातला परिच्छेद मराठीत आणला तर सॉफ्टवेअर तो पकडेलच असं नाही, पण ती उचलेगिरीच. भाषांतर तुमचं असलं तरी विचार कुणाचा ते लिहा.

तपासणीचा अहवाल आला की तो प्रबंधात घालण्याआधी विहिरीच्या मालकाला दाखवा. नायट्रेट जास्त निघालं तर ग्रामपंचायतीला लेखी कळवा आणि पाणी उकळायला सांगू नका: उकळल्यानं नायट्रेट जात नाही, पाणी आटतं आणि त्याचं प्रमाण वाढतं.