ट्रॅक्टरला पुढून बसणारं स्नो ब्लेड कसं निवडावं: कंबर जपणाऱ्यांसाठी

आपल्याकडे ट्रॅक्टर म्हटला की सगळं मागे. नांगर मागे, रोटाव्हेटर मागे, ट्रॉली मागे. तीच सवय घेऊन आपली पोरं अमेरिका-कॅनडात जातात, गावाबाहेर मोठी जागा घेतात, सोबत 25 हॉर्सपॉवरचा छोटा ट्रॅक्टर घेतात, आणि बर्फ सारायला मागच्या थ्री-पॉइंट लिंकेजला, म्हणजे नांगर जोडायच्या तीन दांड्यांना, बसणारं पातं आणतात. स्वस्त असतं, लगेच मिळतं. मग जानेवारीत व्हिडिओ कॉलवर मुलगा खुर्चीत तिरका बसलेला दिसतो आणि आई विचारते, "काय रे, उसण भरली का?"

माझं मुंबईत नागदेवी स्ट्रीटजवळच्या गल्लीत हायड्रॉलिक होज आणि कपलिंगचं, म्हणजे दाबाचं तेल नेणाऱ्या नळ्या आणि त्यांच्या जोडांचं, दुकान आहे. लेक-जावई अमेरिकेत व्हरमाँटमध्ये असतात, तिथला हिवाळा अंगावर घेऊन आलोय. ज्यांची मुलं तिकडे आहेत असे लोक दुकानात येऊन हेच विचारतात, म्हणून एकदा लिहूनच टाकतो. मी डॉक्टर नाही. कळ कंबरेतून पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील तर आधी मणके दाखवून घ्या, ब्लेडचं नंतर बघू.

"फावड्याने काढू की, तेवढाच व्यायाम" म्हणणाऱ्यांसाठी साधा हिशेब. ड्राइव्हवे, म्हणजे रस्त्यापासून घरापर्यंतची वाट, 60 मीटर लांब, 3 मीटर रुंद, वर 20 सेंटिमीटर बर्फ, म्हणजे 36 घनमीटर. ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला साधारण 50 ते 100 किलो भरतो. म्हणजे हलक्यात हलका धरला तरी पावणेदोन टन, जरा जड असला तर साडेतीन टन, आणि तोही वाकून, उचलून, कंबर वळवून बाजूला फेकायचा. ओला बर्फ याच्या कितीतरी पट जड. अमेरिकेत 1990 ते 2006 या वर्षांचा एक अभ्यास झालाय. फावड्याने बर्फ काढताना दुखापत होऊन इमर्जन्सीत येणारे लोक वर्षाला सरासरी 11,500 निघाले, आणि त्यांत सगळ्यात जास्त दुखावलेला भाग कंबर, साधारण तिघांत एक.

पण फावडं सोडून मागचं पातं घेतलं की सुटका होते असंही नाही. पुढे जात ओढा किंवा उलटं चालवत ढकला, बघायचं मागेच. म्हणजे तासभर कंबर पिळलेली, आणि त्याच अवस्थेत सीटमधून दणके. दणके पाठीला वाईटच, पिळलेल्या पाठीला आणखी वाईट. शिवाय पुढे जाताना चाकं आधी बर्फ दाबून टाकतात आणि पातं मागून तो दाबलेला थर खरवडत बसतं. पावसाळ्याच्या तोंडावर नालेसफाईला येणारा जेसीबी जरा निरखून बघा. पुढची बकेट चालवताना ऑपरेटर समोर बघतो. मागच्या हाताने खोदायचं झालं की तो कंबर वळवत नाही, अख्खी सीट फिरवतो. छोट्या ट्रॅक्टरला ती सोय सहसा नसते. म्हणून पातंच पुढे घ्यायचं. मागे बसणारा स्नो ब्लोअर, म्हणजे बर्फ ओढून लांब उडवणारं यंत्र, घेतला तरी तीच मानमोड, कारण तोही बहुधा उलटं चालवूनच वापरतात.

पुढे बसवायच्या मुख्य तऱ्हा तीन. पहिली, लोडरच्या (ट्रॅक्टरपुढे बसणाऱ्या, वजन उचलणाऱ्या दोन हातांच्या) बकेटवर शिकंजे आवळून बसवायचं पातं. हे घेऊ नका. बकेटची कड वाकते, आणि शिकंजे आवळायला बर्फात गुडघ्यावर बसावं लागतं, म्हणजे ज्या कंबरेसाठी खर्च केला तिचीच परीक्षा. दुसरी, बकेट काढून लोडरच्या हातांना क्विक अटॅचवर, म्हणजे झटपट जोडायच्या पट्टीवर, बसणारं. लोडर आधीपासून असेल तर मी हेच घ्यायला सांगेन. पातं बरंच पुढे असतं म्हणून सीटवरून न वाकता दिसतं, आणि उंच उचलता येत असल्याने बर्फाचा ढीगही रचता येतो. मात्र लोडरचे हात सरळ वजन उचलायला बनवलेले असतात. पातं तिरकं करून वेगात दगडाला धडकलात तर ते पिळवटतात. तेव्हा लोडरचे हात खाली ठेवायचे आणि चालीने चालवायचं, धावत नाही. तिसरी, ट्रॅक्टरच्या पोटाखाली सबफ्रेम, म्हणजे वेगळा लोखंडी सांगाडा, बसवून तिला जोडलेलं. धक्का थेट चासीत जातो, त्यामुळे मजबुतीत याला तोड नाही. पण किट त्या त्या मॉडेलचंच लागतं, आणि उन्हाळ्यात पोटाखाली गवत कापायचं डेक लावत असाल तर दोन्ही एकत्र बसतात का हे आधी विचारा.

आता माझ्या धंद्याची गोष्ट, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो. पात्याचा कोन बदलायच्या दोन पद्धती: हाताने पिन काढून, किंवा हायड्रॉलिक सिलिंडरने. पिनवालं स्वस्त. पण ड्राइव्हवेच्या टोकाला जाऊन वळलात की बर्फ दुसऱ्या बाजूला टाकायला कोन बदलायचा, म्हणजे उतरायचं, वाकायचं, गोठलेली पिन ठोकायची, पुन्हा चढायचं. प्रत्येक वळणाला. कंबरेचं दुखणं असलेल्या माणसाने पात्याची रुंदी, रंग, कंपनी या सगळ्यात काटकसर करावी, इथे करू नये. हायड्रॉलिक अँगल घ्याच.

त्यासाठी ट्रॅक्टरला पुढे तेलाची जास्तीची लाइन लागते, तिला तिकडे थर्ड फंक्शन म्हणतात. ती नसेल तर मागच्या रिमोटमधून, म्हणजे ट्रॅक्टरच्या पाठीमागच्या तेलाच्या जोडांतून, होज पुढे आणता येतात. होजची लांबी पातं पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून मोजा, सरळ ठेवून नाही. कपलिंग सपाट तोंडाचं घ्या, त्यात कचरा आणि बर्फ अडकत नाही. इंजिन बंद करून लिव्हर दोन्हीकडे हलवून दाब सोडल्याशिवाय कपलिंग बसत नाही. लोक थंडीत वाकून जोर लावत बसतात आणि तिथेच कंबर लचकते. सिलिंडरला क्रॉसओव्हर रिलीफ व्हॉल्व्ह आहे का हे नक्की बघा. पात्याचं एक टोक कशाला आदळलं तर तेल त्या व्हॉल्व्हमधून निघून जातं, सिलिंडरचा दांडा वाकत नाही. आणि गळती बोटाने शोधू नका. या लाइनमध्ये दीड-दोन हजार पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाब असतो, सुईएवढ्या भोकातून निघालेलं तेल कातडीत घुसतं. पुठ्ठा धरून बघा.

रुंदीचं गणित दुकानदार सहसा सांगत नाही. पातं 30 अंशात तिरकं केलं की त्याची कामाची रुंदी 0.866 पट उरते. 72 इंची पातं 62 इंचांवर येतं, 60 इंची 52 वर. मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडा मोजा आणि तिरकं केल्यावरही त्याहून थोडं जास्त उरेल असं पातं घ्या, नाहीतर एक चाक सतत न काढलेल्या बर्फावरून जाईल आणि अख्खा वेळ तुम्ही एका कुशीवर कललेले बसाल. फार मोठंही नको. छोटा ट्रॅक्टर बर्फाने भरलेलं रुंद पातं ढकलत नाही, जागच्या जागी चाकं फिरवतो.

ट्रिप स्प्रिंग हवीच. खडीत रुतलेला दगड किंवा काँक्रीटचा उंचवटा लागला की पात्याची कड मागे दुमडते आणि परत येते. ती नसेल तर तोच धक्का चासीतून सीटमध्ये आणि सीटमधून तुमच्या मणक्याच्या गादीत. अख्खं पातं पुढे झुकणारा प्रकारही मिळतो, पण त्यात समोरचा बर्फ सांडतो. मला नुसती खालची कड दुमडणारा बरा वाटला. खडीचा रस्ता असेल तर खालचे स्किड शू, म्हणजे पात्याला टेकू देणारे बूट, असे लावा की कड जमिनीपासून अर्धा-एक इंच वर राहील, नाहीतर एप्रिलमध्ये सगळी खडी हिरवळीतून वेचायची वेळ येते, आणि तीही वाकूनच. जमीन वरखाली असेल तर लोडरची लिव्हर फ्लोटवर टाका, म्हणजे पातं जमिनीप्रमाणे आपोआप वरखाली होतं.

बाकीचं थोडक्यात. मागे वजन हवंच, बॅलास्ट बॉक्स (वजन भरलेली पेटी) किंवा टायरमध्ये भरलेलं द्रव, किती ते लोडरच्या मॅन्युअलमध्ये असतं. मागच्या चाकांना साखळ्या. पात्याच्या दोन टोकांना उभ्या काठ्या लावून घ्या, कडा कुठे आहेत हे बघायला सीटवरून उठावं लागत नाही. पैसे उरले तर सस्पेन्शनची सीट. उतरताना ट्रॅक्टरकडे तोंड, आणि दोन हात, दोन पाय यांतले तीन कायम टेकलेले. उडी मारणाऱ्या जावयांना मी तिथल्या तिथे ओरडतो, सासरा असलो तरी. पातं काढल्यावर लाकडी ठोकळ्यांवर ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी क्विक अटॅचची उंची जुळते आणि हाताने उचलावं लागत नाही.

एक शेवटचं, खास मुंबईकर आई-वडिलांसाठी. इकडे होज स्वस्त पडतो म्हणून बनवून घेऊन लाडू-चकलीच्या बॅगेत घालून नेऊ नका. आपल्याकडच्या फिटिंगला बहुतेक वेळा बीएसपी नाहीतर मेट्रिक आटे असतात, अमेरिकन ट्रॅक्टरवर जेआयसी, एनपीटी किंवा ओआरएफएस, ही फिटिंगची तिकडची मानकं. अर्ध्या इंचात तर बीएसपी आणि एनपीटी दोन्ही इंचाला 14 आट्यांचे, नुसत्या डोळ्यांना सारखेच दिसतात. पण एकाच्या आट्याचा कोन 55 अंश, दुसऱ्याचा 60. दोन-तीन आटे गोडीत चढतो, मग अडकतो, आणि पहिल्याच दाबाला गळायला लागतो. मुलाला सांगा, जुन्या होजचं टोक काढून तिथल्याच दुकानात घेऊन जा आणि समोर क्रिंप करून (फिटिंग होजवर दाबून बसवून) घे.