आधी सातबारा वाचा, मग घराचा नकाशा काढा: गावात बांधकाम परवानगी मागताना या चुका टाळा

मे महिना लागला की आमच्या तालुक्याच्या ऑफिसात ठरलेलं गिऱ्हाईक येतं. मुंबईहून आलेला चाकरमानी, काखेत नकाशाची गुंडाळी. सुट्टी पंधरा दिवसांची, आणि तेवढ्यात परवानगी, भूमिपूजन आणि जोतं तिन्ही उरकायचं असतं. गेल्या वर्षीच्या काकांनी तर चिऱ्याचे दोन ट्रक आधीच उतरवून घेतले होते. नकाशा बघण्यासारखा होता: पडवी, माजघर, मागे धुण्याची जागा, अगदी तुळशीवृंदावनसुद्धा. मी म्हटलं, "काका, सातबारा दाखवा." सातबाऱ्यावर सतरा नावं. त्यातली चार माणसं हयात नाहीत आणि त्यांच्या वारसांच्या नोंदी झालेल्याच नाहीत. काकांचं नाव अकरावं.

गेली कित्येक वर्षं मी गावातल्या घरांच्या फायली करतो. फाईल नकाशामुळे अडली असं फारसं होत नाही. अडते ती जमिनीच्या कागदावर, आणि त्याची उत्तरं खिडकीवर मिळत नाहीत.

"आमच्या आजोबांच्या वेळेपासून कसतोय"

सामायिक जमीन कोकणात घरोघरी आहे. तोंडी वाटप झालेलं असतं, गडगा (दगड रचून केलेलं कुंपण) घातलेला असतो, आंबे कोणाचे तेही ठरलेलं असतं. कागदावर मात्र सगळे सगळ्याचे मालक. अशा जमिनीवर परवानगी मागितली की सहहिस्सेदारांची संमती मागतात, आणि नेमका तो एक चुलतभाऊ रुसलेला असतो. उपाय लांबचा आहे, पण तोच आहे: आधी वारसनोंदी, मग सगळ्यांची सहमती असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडे वाटप, मग मोजणी. गणपतीत सगळे एकत्र येतात तेव्हा सह्या होतात, मे महिन्यात नाही. हा अनुभवाचा सल्ला आहे, कायद्याचा नाही.

सातबाऱ्यावर आणखी दोन जागा नजरेखालून घाला. भोगवटादार वर्ग-२ असं लिहिलं असेल, तर ती जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. घरासाठी वापर बदलतानाही तीच आडकाठी येते. आणि 'इतर हक्क'. लोक हा रकाना बँकेच्या बोजासाठी बघतात आणि पान उलटतात. त्याच रकान्यात कुळाची नोंद असते, कधी खाजगी वनाचा शेरा असतो. वनाचा शेरा असेल तर चिरे सोडाच, भूमिपूजनाचा नारळसुद्धा आणू नका.

घर गावात, पण गावठाणात नाही

इथे जवळजवळ प्रत्येक जण फसतो. देशावरच्या गावात घरं दाटीने एकत्र असतात, त्यामुळे गावठाण म्हणजे गाव हे बऱ्याच अंशी जुळतं. कोकणात वाड्या डोंगरभर विखुरलेल्या. चार पिढ्यांची वस्ती असलेली वाडी महसुली नकाशावर गावठाणाच्या बाहेर, शेतजमिनीत निघते. गावठाणाच्या हद्दीत ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ खाली ग्रामपंचायत परवानगी देते. हद्दीबाहेर प्रश्न येतो तो प्रादेशिक योजनेतल्या झोनचा आणि अकृषिक वापराचा, म्हणजे मामला महसूल आणि नगररचनेकडे जातो. सरपंचांच्या शिक्क्याचा कागद तिथे चालत नाही, सरपंच कितीही जवळचे असोत.

म्हणून पहिला हेलपाटा झोन दाखल्यासाठी घाला. एनएचे (अकृषिक वापराचे) नियम गेल्या दहा वर्षांत इतक्या वेळा बदललेत की शेजाऱ्याने काय केलं यावर जाऊ नका. आज काय लागतं ते तलाठी किंवा तहसील कार्यालयात विचारून घ्या.

समुद्र किंवा भरतीचं पाणी चढणारी खाडी जवळ असेल तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरची बंधनं, बघावंच लागतं, आणि अंतर भरतीरेषेपासून मोजतात, ओहोटीला दिसणाऱ्या पाण्यापासून नाही. नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा बघा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणाऱ्या नकाशावरच्या रेषा. २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं तेव्हापासून निदान हा प्रश्न लोक आपणहून विचारायला लागले.

आठ आणि आठ-अ

गाव नमुना ८-अ तलाठ्याकडचा: तुमच्या खात्यावर गावात कुठली कुठली जमीन आहे ते सांगणारा. नमुना ८ ग्रामपंचायतीचा: घरपट्टीच्या आकारणीचा. फायलीत एकाच्या जागी दुसरा लावला की त्रुटीपत्र आलंच. त्याहून मोठी गैरसमजूत म्हणजे "घरपट्टी भरतोय, म्हणजे घर कायदेशीर." पंचायत विनापरवाना घरालाही कर लावते. त्या पावतीने मालकी सिद्ध होत नाही आणि बांधकाम नियमितही होत नाही. गावठाणातल्या जागेसाठी ड्रोन मोजणीनंतर मिळकत पत्रिका निघाली असेल, तर ती लावा.

"दीड गुंठ्याला परवानगी लागतच नाही"

अर्धवट ऐकलेला नियम. २०२० च्या डिसेंबरात राज्याची बांधकामासाठीची एकत्रीकृत नियमावली आली, त्यात छोट्या भूखंडांना सवलत आहे. १५० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे साधारण १६०० चौरस फूट किंवा दीड गुंठा, परवानगीची वाट बघत बसावं लागत नाही. पण मालकीचे कागद, नकाशे, परवानाधारक अभियंत्याचं प्रमाणपत्र आणि शुल्काची पावती द्यावीच लागते. त्यापुढे ३०० चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांत परवानगी देण्याची तरतूद आहे. हे माप भूखंडाचं आहे, बांधकामाचं नाही. जमीन शेतीची असेल तर या सवलतीने ती बिनशेती होत नाही. आणि मोठ्या सातबाऱ्यातून 'दीड गुंठा' परस्पर विकत घेतला असेल, तर मध्ये १९४७ चा तुकडेबंदी कायदा उभा असतो. नोटरीचा कागद तिथे काही कामाचा नाही.

जागेवरच्या चुका

मोजणी न करता गडगा हीच हद्द धरणं. भूमी अभिलेखाची मोजणी करून क-प्रत (मोजलेल्या हद्दींचा नकाशा) घ्या, आणि मोजणीच्या दिवशी शेजाऱ्याला बोलवा. नोटीस जाते, पण तुम्हीही हाक मारा. रस्त्याकडेची जागा असेल तर इमारत रेषा (जिच्या अलीकडे, रस्त्याच्या बाजूला, बांधता येत नाही) रस्त्याच्या मध्यापासून मोजतात, डांबराच्या कडेपासून नाही. वर बघायला विसरू नका: ११ केव्हीच्या उघड्या तारेपासून आडवं किमान १.२ मीटर आणि उभं ३.७ मीटर अंतर लागतं. आज कौलारू घर तारेखालून निसटतं, पुढे माळा चढवताना अडकतं.

अर्ज अडकला तर

अर्ज दिल्याची पोच आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. "फाईल साहेबांकडे आहे" हे उत्तर तीनदा मिळालं, की चौथ्या वेळी आवक क्रमांक घालून लेखी विचारा. तोंडी विचारणीला तारीख नसते. त्रुटीपत्रातल्या सगळ्या त्रुटी एकाच पत्राने पुऱ्या करा. एकेक कागद नेऊन दिला की फाईल प्रत्येक वेळी ढिगाच्या तळाशी जाते.

चाकरमान्यांसाठी आणखी एक. नगररचना कायद्याखालचं बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र एक वर्षाचं असतं. मुदतवाढ वर्षावर्षाने मिळते, पण मागितली तर, आणि एकूण चार वर्षांपलीकडे नाही. एका मेमध्ये जोतं, पुढच्या मेमध्ये भिंती, असं बांधणाऱ्याने ही तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

काकांचे चिरे अजून अंगणात आहेत, शेवाळ धरलंय. वारसनोंदी मात्र मार्गी लागल्यात; चारांपैकी तीन झाल्या, चौथीचे वारस बडोद्याला असतात.