‘लकी’ हा शब्द इंग्रजीत नेमका कसा वापरावा

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी गावात लकी ड्रॉ निघतो, एखाद्या बैलजोडीला सगळे लकी म्हणतात आणि गाडीचा मनासारखा नंबर मिळाला की तोही लकी ठरतो. हा शब्द आपल्या तोंडी इतका रुळला आहे की तो इंग्रजीत वापरण्यासाठी वेगळे काही शिकावे लागेल, असे कोणाला वाटत नाही. मात्र गावच्या अभ्यासिकेत संध्याकाळी मुलांना इंग्रजी शिकवताना माझा अनुभव उलटा आहे. अनोळखी शब्दांपेक्षा अशा ओळखीच्या शब्दांवरच मुले जास्त अडखळतात, कारण त्यांचा मराठीतला अर्थ डोक्यात आधीच पक्का बसलेला असतो.

म्हणून सुरुवात अर्थापासून करावी. ‘नशीब’ हा अरबी ‘नसीब’वरून आलेला शब्द असून त्याचा मूळ अर्थ ‘वाटा’ असा आहे. ‘भाग्य’ या शब्दातही ‘भाग’, म्हणजे पुन्हा वाटाच आहे. आपल्या समजुतीप्रमाणे हा वाटा आधीच ठरलेला असतो, सटवाई तो बाळाच्या कपाळावर लिहून जाते आणि पुढे माणूस तो भोगतो. इंग्रजीतला ‘लक’ हा शब्द पंधराव्या शतकाच्या सुमारास डच आणि उत्तर जर्मनीकडच्या बोलींतून त्या भाषेत आला आणि तो बहुधा जुगाराच्या खेळांतून आला असावा, असे कोशकार मानतात. म्हणजे आपल्या शब्दामागे कपाळावरचा लेख आहे आणि त्यांच्या शब्दामागे फासा. ‘लकी’ वापरताना फासा डोळ्यांसमोर ठेवावा. जे घडले ते तसे घडलेच पाहिजे असे नव्हते, योगायोगाने घडले आणि आपल्या बाजूने घडले, एवढेच तो शब्द सांगतो. ‘माझ्या नशिबात नोकरीच नव्हती’ या वाक्याचे इंग्रजी करताना ‘अनलकी’ म्हटले, तर त्यातली सटवाई निघून जाते आणि केवळ फासा उलटा पडल्याची तक्रार उरते.

हा फरक मला पुस्तकातून कळला नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी शेती पाहण्यासाठी एक परदेशी पाहुणे गावात आले होते आणि दुभाषाचे काम माझ्याकडे होते. शेजारच्या काकांची पऱ्हाटी त्या वर्षी सगळ्या शिवारात उठून दिसत होती. पाहुण्यांनी कारण विचारले तेव्हा काका रिवाजाप्रमाणे नम्रपणे ‘नशिबानं पिकलं जी’ एवढेच म्हणाले, आणि मी त्याचे ‘ही इज लकी’ असे इंग्रजी करून मोकळा झालो. पाहुण्यांनी मान डोलावली, वही मिटली आणि ते पुढच्या वावराकडे वळले. शेणखत, निंदण, डवरणी, फवारणीच्या वेळा यांबद्दल त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही, कारण सोडतीत बक्षीस लागलेल्या माणसाला कोणी त्याची पद्धत विचारत नसते. रात्री नातीने त्या वाक्याचा अर्थ सांगितल्यावर काका माझ्या दारात आले आणि म्हणाले, ‘वावरात म्या राबलो, अन् तू त्याले सांगतं का मले लॉटरी लागली?’ स्वतःच्या कष्टांना स्वतः ‘नशीब’ म्हणणे हा आपल्याकडे विनय असतो. दुसऱ्याच्या कष्टांना इंग्रजीत ‘लकी’ म्हटले की ते कष्टच पुसले जातात. त्या दिवशी मी ‘ही वर्क्ड हार्ड, अँड वी वर लकी विथ द रेन’ असे म्हणायला हवे होते, म्हणजे मेहनतीचे श्रेय काकांना गेले असते आणि योगायोगाचे श्रेय पावसाला.

यावरून एक सवय लावून घ्यावी. ‘लकी’ म्हणण्यापूर्वी त्या गोष्टीत माणसाचा हात किती होता, हे मनाशी विचारावे. परीक्षेत पास झालेल्या मुलीला ‘यू आर लकी’ म्हणू नये, ‘वेल डन’ म्हणावे. आठवडी बाजाराच्या दिवशी खच्चून भरलेल्या एसटीत तिला खिडकीजवळची जागा मिळाली, तर मात्र ‘लकी यू!’ खुशाल म्हणावे. हा शेवटचा उद्गार बरोबरीच्या माणसांसाठी आहे. त्यात थोडा लाडिक हेवा असतो, त्यामुळे तो गुरुजींना किंवा साहेबांना उद्देशून काढू नये.

अर्थ बसला की वाक्याची घडण घ्यावी. मराठीत नशीब ‘असते’, ‘उघडते’, ‘फळफळते’ आणि ‘फुटते’. म्हणजे नशीब हीच एक वस्तू असते आणि वाक्य तिच्याभोवती फिरते. इंग्रजीत ‘लकी’ हे विशेषण आहे आणि ते सरळ माणसाला चिकटते. त्यामुळे ‘आय हॅव लकी’ किंवा ‘माय लक इज लकी’ ही वाक्ये चुकतात आणि ‘आय अ‍ॅम लकी’ बरोबर ठरते. पुढे नाम आले तर आधी ‘अ’ घालायला विसरू नये: ‘आय अ‍ॅम अ लकी मॅन’. काय चांगले घडले हे सांगायचे असेल तर ‘लकी’नंतर ‘टु’ आणि क्रियापद येते: ‘आय वॉज लकी टु गेट अ सीट’. हीच गोष्ट जरा नम्रपणे सांगायची असल्यास ‘लकी इनफ टु’ म्हणावे. तुलना करताना ‘मोअर लकी’पेक्षा ‘लकिअर’ आणि ‘लकिएस्ट’ ही रूपे वापरावीत, आणि लिहिताना शेवटच्या ‘वाय’च्या जागी ‘आय’ येतो हे ध्यानात ठेवावे. उच्चारात आपल्याकडे ‘लक्की’ असा जोड ‘क’ ऐकू येतो. इंग्रजीत तो एकच आणि हलका असतो.

ज्या रचनेचा सर्वांत जास्त उपयोग होतो, ती बहुतेक पुस्तके घाईने उरकतात. वेचलेला कापूस अंगणात पडलेला आहे, अवेळी आभाळ भरून येते, घरातले सगळे धावून ताडपत्री ओढतात, टोकांवर दगड ठेवतात आणि शेवटचा दगड ठेवेपर्यंत टपोरे थेंब सुरू होतात. अशा वेळी आपण ‘बरं झालं ताडपत्री घरीच होती’ असे म्हणतो आणि नशिबाचे नावही घेत नाही. इंग्रजीत नेमक्या याच जागी ‘लकी’ येतो: ‘इट वॉज लकी दॅट वी हॅड अ टार्पॉलिन’. मराठीतले ‘बरं झालं’, ‘थोडक्यात निभावलं’, ‘वाचलो बुवा’ हे उद्गार कानावर पडले की तेथे ‘लकी’ बसतो का, हे आठवडाभर तपासून पाहावे. ‘नशीबवान’ या शब्दाच्या मागे लागून जे साधत नाही, ते यातून साधते. अपघातातून थोडक्यात सुटका झाली तर तिला ‘अ लकी एस्केप’ म्हणतात.

वाक्याच्या आरंभीचे ‘नशिबाने’ इंग्रजीत ‘लकिली’ होते. ‘दुर्दैवाने’साठी मात्र ‘अनलकिली’ फारसे कोणी म्हणत नाही. तेथे ‘अनफॉर्च्युनेटली’ हाच रूढ शब्द आहे. त्याचे मूळ रूप ‘फॉर्च्युनेट’ हे ‘लकी’पेक्षा भारदस्त असल्यामुळे अर्जात किंवा भाषणात ते शोभते. गारपिटीने संत्र्याचा बहर झडलेल्या कास्तकाराला ‘अनलकी’ म्हणणे तर मुळीच टाळावे. पत्त्यांचा डाव हरलेल्याला जो शब्द लावतात तो अशा दुःखाला फार हलका पडतो. तेथे ‘आय अ‍ॅम सो सॉरी’ एवढेच म्हणावे.

आपल्या लकी शर्टाचा आणि लकी नंबरचा अर्थ इंग्रजीतही तोच आहे, ‘लाभणारा’, त्यामुळे तेथे अडचण नाही. ‘गेट लकी’ या शब्दप्रयोगाला बोलभाषेत एक चावट अर्थ आहे, तेव्हा तो चारचौघांत जपून वापरावा. आणि कोणी ‘यू विल बी लकी!’ म्हटले तर आशीर्वाद समजून हात जोडू नयेत. रात्रीची शेवटची एसटी निघून गेल्यावर फाट्यावरच्या पानठेल्यावाल्याला ‘आता दुसरी गाडी येईल का?’ असे विचारले, तर तो चुना मळता मळता मान वर न करता जे ‘आली म्हणजे झालं!’ म्हणतो, ते हेच.