दिवाळीच्या सुट्टीत उजनीवर गळ टाकायला जाताना

सोलापूरहून पुणे महामार्गाने टेंभुर्णीकडं गेलं की भीमेवरच्या उजनी धरणाचं पाणी लागतं. पोरंबाळं घेऊन निघणार असाल तर आदल्या रात्रीच एक काम उरका. प्रत्येक गळाच्या टोकाजवळ जो बारीक उलटा काटा असतो, तो पक्कडीनं दाबून सपाट करा. मासा निसटेल म्हणून आमचे काका कुरकुरतात. पण दोरी ताणलेली ठेवली तर सहसा निसटत नाही. आणि गळ पोराच्या बोटात रुतला, तर गेला तसाच मागं येतो. दवाखाना शोधत फिरावं लागत नाही.

आमिषाला घट्ट मळलेली कणीक पुरते. गोळा हरभऱ्याच्या दाण्याएवढाच लावा. मोठा लावला की चिलापी (तिलापिया मासा) कडेकडेनं कुरतडून जाते आणि आपण बसतो पाण्याकडं बघत. तरंगायला थर्माकोलचा तुकडा चालतो.

चिलापी लागली की पोरं आधी पाठीवरून मुठीत धरायला जातात आणि काटे टोचून घेतात. ओलं फडकं हातात घ्या, डोक्याकडून शेपटीकडं हात सरकवत पाठीचे काटे निजवा, मग गळ काढा.

जागा निवडताना तिथल्या मच्छीमारांना विचारा. मासेमारीचा ठेका असतो, जाळी लावलेली असतात. पाणी उतरलेल्या काठावरचा गाळ वरून वाळलेला दिसला तरी आत पाय गुडघ्यापर्यंत जातो, तेव्हा मुरमाड काठ बघूनच सतरंजी टाका. शेंगाचटणी-भाकरी मात्र जास्तीची बांधा. मासे मिळतीलच असं नाही.